हुसेन यांच्या घोड्याखालची जमीन

दौलताबादच्या मुलाला ‘चित्र काढ’ म्हटले की तो काय काढणार हे विचारावे लागत नाही. मध्ये किल्ल्याचा डोंगर, एका बाजूला चाँद मिनार, डोंगरामागून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली सीताफळाची दोन झाडे आणि आभाळात चार पक्षी. पक्षी जानदार असतात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते आडव्या पाडलेल्या तीनच्या आकड्यासारखे काढलेले असतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक नसला की तो तास कुणाच्या तरी गळ्यात पडतो. काही वर्षांपूर्वी तो माझ्या गळ्यात पडला. चित्रकलेचे मला काही कळत नव्हते. बी.एड.ला फळ्यावर तक्ते काढायला शिकवले होते, तेवढीच माझी पुंजी.

सातवीतल्या एका मुलाने त्या नेहमीच्या किल्ल्यासमोर, महाकोटाच्या दरवाजाजवळ, एक घोडा काढला होता. मान जरा लांब झाली होती, मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा आखूड होते. पण घोडा चालत होता. मी ‘शाबाश’ लिहिले आणि रंगवून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी चित्र रंगून आले तेव्हा घोडा नव्हता. खोडरबराने घासून घासून तिथला कागद पातळ झाला होता. मी विचारले तर मान खाली घालून म्हणाला, “टीचर, अब्बू बोले, जानदार है. सीनरी बना.”

या ठिकाणी मला एक कबुली दिली पाहिजे. ‘सीनरी काढा’ हे वाक्य त्या मुलाच्या वडिलांनी शोधून काढलेले नाही. वर्गात मीही ते कितीतरी वेळा उच्चारले होते. कुणा पालकाची तक्रार नको, कुणाशी वाद नको, म्हणून मी स्वतःहून मुलांना झाडे, डोंगर, नदी, झोपडी एवढेच विषय देत असे. वादात न पडणारा शिक्षक तो चांगला शिक्षक, अशी माझी समजूत होती. त्या घासलेल्या कागदाने ती पहिल्यांदा डळमळली.

वाचकहो, निसर्गचित्र चालते आणि घोडा चालत नाही, ही रेघ आपल्या घरांत आली कुठून? मी आलिम नाही आणि फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण जे वाचनात आले ते सांगते. हजरत इब्न अब्बास यांच्याकडे चित्रांवर पोट भरणारा एक माणूस आला, तेव्हा त्यांनी त्याला कडक शब्दांत समज दिली आणि शेवटी म्हणाले की काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ. ही रिवायत प्रसिद्ध आहे. आमच्या वर्गातली ‘सीनरी’ तिथून आलेली आहे. पण त्याच हदीस-साहित्यात आणखी एक रिवायत आहे आणि ती आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांमध्ये दोन पंखांचा एक घोडा होता. हुजूरांनी विचारले की घोड्याला पंख असतात काय? त्या म्हणाल्या, सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही काय? आणि हुजूर हसले. पहिल्या रिवायतीने दुसरी खोडता येत नाही, दुसरीने पहिलीही नाही. पण खोडरबर हातात घेण्यापूर्वी दोन्ही माहीत असायला हव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

इतिहासाकडे पाहिले तर तिथेही सगळे एका रंगाचे नाही. १६३३ साली मुघलांनी आपल्या याच किल्ल्याला वेढा घातला. त्या वेढ्याचे चित्र शाहजहानच्या ‘पादशाहनाम्या’त आहे आणि ते हस्तलिखित आज इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात आहे. किल्ल्यावरच्या मेंढा तोफेला मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके आहे. सहलीला गेलेले प्रत्येक मूल त्याच्या शिंगांवरून हात फिरवते. विजापूरकडच्या सुलेखनकारांनी तर अरबी अक्षरांच्या वळणांतून घोडे उभे केले. अक्षर वाचावे तर आयत, लांबून पाहावे तर घोडा. ही दख्खनची आपलीच रीत आहे. आपण तिला विसरलो, इतकेच.

त्या मुलाला रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवायचे माझ्या मनात होते. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो आणि स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात. म्हणून वडिलांना शाळेत बोलावले. ते गॅरेजमध्ये काम करणारे साधे गृहस्थ. त्यांचे वडील औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, टांगा हाकत असत. माझ्याजवळ वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापून ठेवलेले एक चित्र होते, मकबूल फिदा हुसेन यांच्या घोड्यांचे. मी ते पुढे केले. ते म्हणाले, “ये वोइच हुसेन ना, जिसके उप्पर केसाँ हुए थे?” मी हो म्हटले. मग त्यांनी चित्र हातात घेतले आणि बराच वेळ पाहत राहिले. “जानवर तो बराबर पकडा है. बिदक्या हुआ है,” ते म्हणाले. “मगर टीचर, इसके पाँव के नीचे जमीन किधर है?”

हुसेन यांच्यावर त्यानंतर मी बरेच वाचले. त्यांच्या चित्रांची पुस्तके पाहिली. पण टांगेवाल्याच्या मुलाने विचारला त्याहून नेमका प्रश्न मला कुठे भेटला नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा पाठलाग आहे.

हुसेन आपले. पंढरपूरला, १९१५ साली, सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दीड-दोन वर्षांचे असताना आई गेली आणि वडिलांनी त्यांना घेऊन इंदूर गाठले. आजोबा दिवे-कंदील दुरुस्त करणारे कारागीर. काही काळ त्यांना बडोद्याच्या मदरशात ठेवले होते आणि तिथे त्यांनी खताचे, म्हणजे सुलेखनाचे धडे घेतले. इंदूरला परतल्यावर हा मुलगा सायकलवर रंगसाहित्य बांधून गावाबाहेर जायचा आणि निसर्गचित्रे काढायचा. इंदूरची कलाशाळा देवळालीकर मास्तरांची. बेंद्रे तिथूनच पुढे आलेले. त्या वातावरणात उघड्या माळावर बसून प्रकाश आणि सावली टिपणे हाच पहिला धडा असे. म्हणजे घोड्यांसाठी जगभर ओळखला गेलेला हा चित्रकार सुरुवातीला आमच्या सातवीच्या मुलांसारखा ‘सीनरी’च काढत होता. जमीन त्याला माहीत होती.

पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबई, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवण्याची हमाली, मुलांसाठी लाकडी खेळणी आणि फर्निचरची डिझाइने, आणि मग प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. सूझा, रझा, आरा, बाकरे आणि आपल्या अमरावतीकडचे तळेगाव दशासरचे गाडे, यांच्या त्या गटात हुसेन सामील झाले. १९४८ मध्ये दिल्लीला भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहायला सूझा आणि हुसेन गेले. गुप्तकाळातली शिल्पे, पहाडी लघुचित्रे यांनी हुसेन यांना आपली वाट दाखवली. पाश्चात्त्यांच्या नकलेतून सुटण्याचा रस्ता त्यांना आपल्याच घरात मिळाला.

यानंतरची दोन चित्रे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्या दोन्हींत घोडा हा नायक नाही. नायक आहे जमीन. पहिले ‘ग्राम यात्रा’, १९५४ चे. जवळजवळ चौदा फूट रुंद, तेरा चौकटींचे. कुठे जाते, कुठे बैलगाडी, कुठे मूल घेतलेली बाई. यातल्या एका चौकटीत शेतकरी उभा आहे आणि त्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या शेताला आधार देतो आहे. निसर्गचित्राला माणसाने हात लावलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या सीनरीत माणूस नसतोच, कारण तो जानदार. इथे माणसाचा हात नसेल तर शेतच खाली पडेल. हे चित्र वर्षानुवर्षे नॉर्वेतल्या एका इस्पितळाच्या मालकीचे होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी किमतीचे मथळे केले. त्या हाताबद्दल फार थोड्यांनी लिहिले.

दुसरे चित्र १९५५ चे. नावच ‘जमीन’. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पुरस्कार मिळाला आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. सुमारे अठरा फूट लांब आणि तीन फूट उंच अशी ही पट्टी आहे. एखादे हस्तलिखित उलगडत जावे तसे ते बाजूने चालत पाहावे लागते. त्यात नांगर-बैलांचे, चाकाचे, घराचे, नाचगाण्याचे गाव आहे. पण एकही क्षितिजरेषा अशी नाही की जिच्यामुळे ‘इथे जमीन संपली, इथे आभाळ सुरू झाले’ असे म्हणता येईल. मातीचा रंग माणसांच्या अंगात आणि जनावरांच्या अंगात शिरलेला आहे. स्वातंत्र्याला आठ वर्षे झाली होती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, आणि हिंदुस्थानात राहिलेल्या एका मुसलमान चित्रकाराने आपल्या या मोठ्या चित्राला ‘जमीन’ हे नाव दिले. त्याने घोषणा केली नाही, भाषण केले नाही. फक्त नाव दिले. मला या नावापुढे थांबावेसे वाटते.

आता घोडे. ते आले कुठून? समीक्षक तीन-चार ठिकाणे सांगतात. १९५२ मध्ये हुसेन चीनला गेले. तिथले तांग काळातले मातीचे घोडे आणि शू बेइहोंग यांचे शाईचे घोडे. पुढे युरोपात पाहिलेली मारिनो मारिनी यांची घोडेस्वारांची शिल्पे. हे सगळे खरे असेल. पण आपल्या वाचकांना चौथे ठिकाण जास्त जवळचे आहे, आणि स्वतः हुसेनही ते सांगत: मोहर्रमच्या मिरवणुकीतला दुलदुल. शास्त्रशुद्ध बोलायचे तर दुलदुल हे हजरत अलींच्या सवारीचे नाव. करबलात इमाम हुसेन यांच्याबरोबर होता तो जुलजनाह. पण आपल्याकडच्या लोकांनी मिरवणुकीतल्या घोड्याला दुलदुलच म्हटले. तो पाठीवर कुणी नसलेला घोडा आहे. स्वार शहीद झाला आणि घोडा तेवढा तंबूकडे परतला. लहानपणी आईविना वाढलेल्या, हुसेन नावाच्या मुलाने हा स्वाराविना परतलेला घोडा गर्दीतून पाहिला. हुसेन यांचे बहुतेक घोडे रिकाम्या पाठीचे का आहेत, याचे उत्तर मला चीनमध्ये नाही, या मिरवणुकीत सापडते.

दुसरी गोष्ट रेषेची. त्यांच्या घोड्याची मान पाहावी. ती मागे फेकलेली, जबडा उघडा, नाकपुड्या फुगलेल्या. मानेपासून पाठीपर्यंतची काळी रेषा एका दमात ओढलेली असते. सुरुवातीला जाड, वळणावर निमुळती, शेवटी पुन्हा जाड. उर्दूच्या शिक्षकाला ही रेषा परकी वाटत नाही. तख्तीवर बोरूने ‘हे’ किंवा ‘ऐन’ काढताना मनगट असेच वळते. बडोद्याच्या मदरशात शिकलेला खत इथे घोड्याच्या अंगात उतरला आहे. विजापूरच्या सुलेखनकारांनी अक्षरांचा घोडा केला. हुसेन यांनी अक्षरे बाजूला ठेवली आणि हात तसाच ठेवला. त्यांना ‘भारताचे पिकासो’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ज्या मुलाची पहिली रेषा बोरूची होती, त्याला ओळखायला पॅरिसला कशाला जायचे?

कौतुकाबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर ही समीक्षा न राहता मानपत्र होईल. हुसेन यांचे सगळे घोडे सारखे नाहीत. सुरुवातीच्या काळातले घोडे जड आहेत, त्यांच्या अंगात माती आहे, त्यांना थांबता येते. नंतरच्या दशकांत घोड्यांना मागणी वाढली. श्रीमंतांच्या बैठकीत आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत हुसेनचा घोडा असणे प्रतिष्ठेचे झाले. छापील आवृत्त्या निघाल्या. लोकांसमोर उभे राहून भराभर घोडे रंगवण्याचे कार्यक्रम झाले. यातले पुष्कळसे घोडे सवयीने धावतात. मान मागे टाकली की जोम दिसतो हे हाताला पाठ झालेले आहे. पण पाठ झालेली गोष्ट आणि म्हटलेली गोष्ट यात फरक असतो, हे मुलांकडून कविता म्हणवून घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला कळेल. हुसेन हे स्वतःच्या जाहिरातीत रमणारे होते, हेही खरे. अनवाणी पाय, हातातला लांब ब्रश, सिनेनट्यांवरची चित्रे, यांतले किती कलेचे आणि किती तमाशाचे, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही विचारायला हवा.

पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. बऱ्या-वाईट सगळ्याच घोड्यांखालून जमीन कुठे गेली? बहुतेक चित्रांत घोडे रंगाच्या सपाट पट्ट्यांवर आहेत. गवत नाही, रस्ता नाही, टापांखाली धूळ नाही. कित्येकदा पाय कॅनव्हासच्या काठावरच कापले जातात. आमची मुले अम्मपाऱ्यात ‘अल्-आदियात’ ही सूरह पाठ करतात. तिची सुरुवात धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते. त्या घोड्यांच्या टापांतून ठिणग्या उडतात, धूळ उठते. म्हणजे तिथे जमीन आहे. हुसेन यांच्या घोड्यांना सगळे आहे, धूळ तेवढी नाही.

याचे एक सोपे उत्तर तयार आहे: चित्रकाराचा देश सुटला, म्हणून घोड्यांची जमीन सुटली. हे उत्तर ऐकायला चांगले आहे, पण ते खरे नाही. घटनाक्रम पाहू. १९९६ मध्ये एका हिंदी मासिकाने त्यांच्या जुन्या, १९७० च्या दशकातल्या देवतांच्या रेखाटनांवर लेख छापला आणि वाद पेटला. त्याच वर्षी अहमदाबादला त्यांच्या कलाकृतींची नासधूस झाली. १९९८ मध्ये मुंबईच्या घरावर हल्ला झाला. ठिकठिकाणी खटले भरले गेले. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पण जमीन नसलेले घोडे यापूर्वी कितीतरी वर्षे धावत होते. त्या काळात त्यांच्यावर सन्मानांचा वर्षाव होत होता. १९८६ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले, १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. तेव्हा चरित्राची किल्ली प्रत्येक चित्राच्या कुलपाला लावून चालणार नाही.

मग उत्तर काय? इथे दोन समकालीनांशी तुलना उपयोगी पडते. १९६० च्या सुमारास हुसेन आणि राम कुमार बनारसला बरोबर गेले. त्यानंतर राम कुमार यांच्या चित्रांतून माणसे निघून गेली आणि उरले घाट, भिंती, पाणी, म्हणजे निसर्गचित्र. हुसेन यांनी उलट केले. त्यांनी स्थळ सोडले आणि आकृती धरून ठेवली. दुसरे सय्यद हैदर रझा. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले, मुंबईत जलरंगातली निसर्गचित्रे काढून नावारूपाला आलेले. ते १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि तिथे बसून आयुष्यभर इथली जमीन रंगवत राहिले, आधी दृश्य म्हणून आणि मग बिंदू म्हणून. ज्या २०१० साली हुसेन कतारचे नागरिक झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस रझा कायमचे भारतात परतले. देशाबाहेर राहणाऱ्याने जमीन रंगवली आणि देशात राहणाऱ्याने घोडा रंगवला. याचे कारण मला असे दिसते की जमीन रंगवायची तर तिच्यापासून दूर उभे राहावे लागते. हुसेन गर्दीत उभे होते.

मिरवणुकीतल्या दुलदुलाच्या पायाखाली जमीन असते, पण ती दिसत नाही. तिथे लोक असतात. मराठवाड्यातल्या गावांत सवाऱ्या, डोले, ताबूत निघतात तेव्हा त्यांच्याभोवती हिंदूही असतात, मुसलमानही असतात. आमच्या आजीच्या आठवणीत तर सवारीपुढे नवस फेडणारे निम्मे लोक दुसऱ्या आळीचे. त्या गर्दीत शिरलेल्या लहान मुलाला घोड्याचे डोके आणि मान दिसते. टापा आणि रस्ता दिसत नाही. हुसेन यांनी घोडा असा पाहिला आणि असाच रंगवला, असे मला वाटते. त्यांच्या घोड्याखालची जमीन म्हणजे त्याच्याभोवती उभे असलेले लोक. लोहियांच्या सूचनेवरून त्यांनी हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे रामायणाची दीडशेच्या आसपास चित्रे काढली, तीही खेड्यांतल्या लोकांपुढे नेण्यासाठीच. संग्रहालयाच्या भिंतीवर बिनजमिनीचा वाटणारा घोडा अशा गर्दीत बिनजमिनीचा वाटत नाही.

असे असेल तर ‘जमीन किधर है’ हा प्रश्न उलटून आपल्यापाशी येतो. ती गर्दी कुठे गेली? एका बाजूच्या लोकांनी चित्रे फाडली, हे सर्वांना माहीत आहे. पण २००४ मध्ये ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या कव्वालीवर हरकत आपल्याच काही संघटनांनी घेतली होती आणि हुसेन यांनी तो चित्रपट थिएटरांतून काढून घेतला, हे आपण सोयीने विसरतो. त्यानंतर ते परागंदा झाल्यावर आपल्या सभांतून त्यांच्यासाठी निषेधाचे ठराव झाले. मीही टाळ्या वाजवल्या. पण ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘जमीन’ पाहिले होते? मी पाहिले नव्हते. आपण हुसेन यांचा खटला लढवला, चित्र पाहिले नाही. ज्यांनी त्यांना शिव्या दिल्या त्यांनी एक आक्षेपार्ह रेखाटन पाहिले, ज्यांनी बाजू घेतली त्यांनी तेही पाहिले नाही. घोड्याभोवतीची माणसे अशी दोन्ही अंगांनी निघून गेली आणि घोडा कॅनव्हासवर एकटा राहिला.

त्यांची शेवटची मोठी कलाकृती दोहा येथे आहे. २०१९ मध्ये ती खुली झाली. नाव आहे ‘सीरू फिल अर्ज’, म्हणजे ‘पृथ्वीवर फिरा’. हे शब्द कुराणातले आहेत. त्यात मुरानोच्या काचेचे पूर्ण आकाराचे घोडे आहेत आणि ते यंत्राने फिरतात. २०२५ मध्ये त्याच शहरात ‘लौह व कलम’ नावाचे त्यांचे संग्रहालयही उघडले. मी ते छायाचित्रांतच पाहिले आहे, तेव्हा त्यावर निकाल देणार नाही. पण ‘जमीन’पासून ‘अर्ज’पर्यंतचा हा प्रवास मनात राहतो. पहिल्या चित्राला उर्दूतली जमीन होती, शेवटच्या कामाला अरबीतली. शब्दाचा अर्थ तोच, माती मात्र बदलली. आणि घोडे काचेचे झाले.

त्या मुलाचे काय झाले, असे वाचक विचारतील. वडिलांनी परीक्षेच्या अर्जावर सही केली. माझे बोलणे पटले म्हणून केली की शिक्षिकेचा शब्द मोडायचा नाही म्हणून, ते मला माहीत नाही. स्मरणचित्रात त्याने आठवडी बाजार काढला. सगळी माणसे पाठमोरी होती, एकाचाही चेहरा नव्हता. घरचे आणि परीक्षेचे असे दोन्ही त्याने आपल्या परीने सांभाळले. हुसेन यांच्या बायकांनाही कित्येकदा चेहरे नसतात. आईचा चेहरा आठवत नाही म्हणून, असे ते सांगत. आमच्या मुलाचे कारण वेगळे होते. त्याला क श्रेणी मिळाली. बाजारात घोडा नव्हता.

तो घासलेला कागद अजून माझ्या कपाटात आहे. परवा हा लेख लिहायला बसले तेव्हा पुन्हा काढून पाहिला. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी नीट पाहिली नव्हती. त्याने घोडा खोडला, पण घोड्याखालचा रस्ता खोडलेला नाही. दरवाजापर्यंत जाणारी वाट, तिच्यावरचे खडे, टापांमागे उडालेल्या धुळीच्या चार-पाच बारीक रेघा, सगळे जागेवर आहे. रस्ता जानदार नाही, म्हणून तो वाचला. हुसेन यांच्याकडे घोडा राहिला आणि जमीन गेली. आमच्या मुलाकडे जमीन आहे, घोडा गेला.

मला वाटते, चित्रकलेचा तास ज्या शिक्षकांच्या वाट्याला येतो त्यांनी निदान एवढे करावे: ‘सीनरी काढा’ म्हणण्यापूर्वी मुलांना एक चित्र दाखवावे. ‘जमीन’ची छापील प्रत मिळते. अठरा फुटांचे चित्र पानावर वीतभर होते, तरी चालेल. ज्या घरात घोडा काढू देणार नाहीत, तिथे तो काढायला लावू नये. मुलाला बाप आणि शिक्षक यांच्यामध्ये उभे करणे योग्य नाही. पण पाहायला कुणाची मनाई नाही. मी आता दरवर्षी ती प्रत वर्गात फिरवते. मुले आधी बैल शोधतात, मग चाक. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले की यात आभाळ कुठे आहे. मी तिला म्हटले, मलाही सापडले नाही, तू शोध.